घोडा सहा जणांचा, शब्द कुणाचा?

तासगावच्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलंय. गाभा तेवढा देतो.

‘आम्ही सहा जण. दोघं बेदाण्यात, एक गलाईवाले (सोनं-चांदी गाळण्याचा धंदा, ते कोइमतूरला असतात), एक डॉक्टर, माझे मेव्हणे आणि मी. बैलगाडी शर्यतीचा नाद सगळ्यांनाच. गेल्या हंगामात पुण्याच्या रेसकोर्सवर गेलो आणि आपलाही एक घोडा असावा हे डोक्यात बसलं. सिंडिकेट (सामाईक मालकी) करून दोन वर्षांची फिली, म्हणजे तरुण घोडी, घ्यायची ठरलीय, व्यवहार मी बघायचा हेही ठरलंय. पण ट्रेनर कोण, यावर तीन आठवडे गाडी अडलीय. तीन नावं आहेत. पहिले फार मोठे, साठेक घोडे त्यांच्याकडे, फोनवर दोन मिनिटं बोलले. दुसरे तरुण, चौदा घोडे, आधी एका मोठ्या ट्रेनरकडे असिस्टंट होते. तिसरे मेव्हण्यांच्या ओळखीचे. महिन्याचा खर्च सगळ्यांत कमी सांगतात आणि “तुमचे पैसे बेटिंगमध्येच वसूल करून देतो” म्हणतात. ग्रुपवर मतदान घेतलं तर दोन, दोन आणि दोन. तुम्ही जनावरांचे डॉक्टर, एकेकाळी घोड्यात भागीदारही होता असं ऐकलं. कुणाला घ्यावं?’

बरोबर ऐकलंय. त्या भागीदारीचं पुढे सांगतो. आधी तिसऱ्यांचा निकाल लावू, म्हणजे मेव्हणे एकदाच रुसतील.

तिसऱ्यांना नको. स्वस्त आहेत म्हणून नव्हे, जरी तेही बघायला हवं. घोड्याचा खर्च म्हणजे चंदी-वैरण, सईस (घोड्याची निगा राखणारा), नालबंद, डॉक्टर, औषधं, पहाटे पळवणारे रायडिंग बॉय. यातलं काय कमी केल्यावर बिल कमी होतं ते त्यांनाच विचारा. एका सईसाकडे दोनऐवजी चार घोडे दिले की बिल उतरतं, आणि मग पायाला आलेली सूज दोन दिवस उशिरा कळते. पण खरा नकार त्या दुसऱ्या वाक्याला. ‘बेटिंगमध्ये वसूल करून देतो’ याचा अर्थ असा की तुमची घोडी कधी पळवायची आणि कधी आवरायची हे भाव बघून ठरणार. प्रत्येक घोडा त्याच्या पूर्ण ताकदीनं पळवला पाहिजे, हा रेसिंगमधला पहिला नियम. शंका आली की स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, चौकशी लावतात, व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतात, आणि त्यात रेसकार्डावर मालक म्हणून तुमच्या सहा जणांचं सिंडिकेट छापलेलं असतं. मेव्हण्यांना म्हणावं, ओळख चहापुरती ठेवा.

आता उरलेल्या दोघांकडे येऊ. पण त्याआधी एक गोष्ट, जी बैलवाल्यांच्या लवकर लक्षात येत नाही. मलाही आली नव्हती.

खिलार खोंड तुम्ही आटपाडीच्या किंवा खरसुंडीच्या बाजारात बघता. चाल बघता, खूर बघता, भोवरा बघता, आणि घेतला की तो तुमच्या गोठ्यात येतो. आदतचा दुसा होतो, दुसाचा चौसा होतो (दोन दातांचा, मग चार दातांचा), सगळं डोळ्यांसमोर. सकाळी त्यानं पेंड सोडली तर घरातल्या बाईला आधी कळतं. मैदानात कासऱ्याला जो ड्रायव्हर असतो त्याच्याशी संबंध त्या दिवसापुरता. नाही जमलं, पुढच्या मैदानाला दुसरा. रेसच्या घोड्याचं सगळं उलटं. तो तुमचा असतो कागदावर. राहतो परक्याच्या पागेत, सांगलीपासून सव्वादोनशे किलोमीटरवर, आणि हंगाम बदलला की तिथूनही पुढे. पावसाळ्यात पुणे, हिवाळा लागला की मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स, असा त्यांचा फेरा. वर्षात तुम्ही त्याला आठ-दहा वेळा बघाल, तेही कपडे करून. बाकी तीनशे पंचावन्न दिवस तुमच्या घोडीबद्दल तुम्हाला जे कळेल ते एका माणसाच्या तोंडून.

म्हणून मी ट्रेनर निवडताना त्याच्या ट्रॉफ्या शेवटी बघतो. वाईट बातमी तो कशी आणि किती लवकर सांगतो, ते आधी.

आणि हो, ट्रेनर आधी, घोडी नंतर. तुमच्या पत्रात ‘फिली घ्यायची ठरलीय’ असं आहे, पण पैसे दिले नसतील तर थांबा. जो वाढवणार, त्यानंच ती स्टड फार्मवर जाऊन चालताना बघावी, गुडघे समोरून आणि बाजूनं बघावेत. दुसऱ्यानं निवडलेली घोडी गळ्यात पडली की पहिल्या अपयशाला ट्रेनरकडे उत्तर तयार असतं.

पहिल्यांचं म्हणाल तर मोठं नाव उगाच होत नाही. ट्रेनर रशीद बायरामजी यांच्या घोड्यांनी इंडियन डर्बी, म्हणजे आपल्याकडची सगळ्यांत मानाची रेस, बारा वेळा जिंकली. 1943 सालापासून होणाऱ्या या रेसमध्ये एवढं सातत्य नशिबानं येत नाही. पेसी श्रॉफ आधी नामवंत जॉकी होते, मग ट्रेनर म्हणूनही डर्बी जिंकले. पण मोठ्या पागेत मोठ्या मालकांचे, मोठ्या रक्ताचे घोडे आधीच उभे असतात. साठातले चाळीस एकाच मालकाचे असतील तर विजयांचा आकडा ट्रेनरचा की त्या मालकाच्या पैशाचा, हे वेगळं काढता येत नाही. तुम्ही डर्बीला निघालेला नाहीत. तुमची घोडी देवाच्या कृपेनं चौथ्या-पाचव्या क्लासमध्ये, म्हणजे खालच्या पायऱ्यांवर, जिंकली तरी तासगावात फटाके वाजणार आहेत. तेव्हा मोठ्या ट्रेनरांना एकच प्रश्न विचारा: एका रेसमध्ये तुमचे दोन घोडे असतील, एक मोठ्या मालकाचा आणि एक आमचा, तर पहिला जॉकी कुणावर बसणार? उत्तर प्रामाणिक आलं, म्हणजे ‘त्यांच्यावर’ असं आलं, तर मला तो माणूस आवडेल. पण घोडी मी त्याच्याकडे देणार नाही.

चौदा घोडेवाल्यांकडे जास्त खोदून बघावं लागेल, कारण दाखवायला कमी असतं. रेसचे निकाल उघडे असतात, दोन हंगामांचे काढा आणि एक दिवस डॉक्टरांना कामाला लावा. (डॉक्टर लोकांना तक्ते आवडतात.) किती जिंकले हे मोजू नका. त्यांच्याकडचा प्रत्येक घोडा घ्या आणि तो आला तेव्हा कुठे होता, आज कुठे आहे ते लिहा. आपल्याकडे घोड्यांना रेटिंग असतं, त्यावरून क्लास ठरतो आणि पाठीवरचं वजनही. रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. पाचव्या क्लासमधला घोडा वर्षभरात चौथ्यात गेला आणि तिथे टिकला, तर ते ट्रेनरचं काम. दुसऱ्या पागेतून उतरलेला घोडा इथे येऊन पुन्हा जिंकायला लागला, तर ते त्याहून मोठं काम. तिसरी गोष्ट, पाच-सहा वर्षांचे घोडे त्यांच्याकडे अजून पळतायत का? दोन-तीन वर्षांचे पुष्कळ आणि पुढे कुणीच नाही असं दिसलं तर घोडे मोडतायत.

हे शेवटचं तुमच्यासाठी फार महत्त्वाचं, कारण तुम्ही घेताय दोन वर्षांची. या वयाला हाड अजून पक्कं होत असतं. जोराचं काम दिलं की पुढच्या पायाची नळी दुखते, समोरून फुगते, हात लावू देत नाही. याला पागेत ‘शिन्स’ म्हणतात. घाबरण्यासारखं नसतं. काम थांबवायचं, हळूहळू परत आणायचं. पण थांबवणं म्हणजे कधी महिना, कधी त्याहून जास्त, आणि तेवढे दिवस बिल चालूच. मालकांचा फोन येतो, ‘कधी पळणार?’ कच्चा ट्रेनर इथे फसतो.

म्हणून रविवारची रेस बघायला जाऊ नका. आडवारी जा, परवानगी काढून, आणि दोनदा जा. एकदा पहाटे, अंधार असतानाच. आतल्या वाळूच्या ट्रॅकवर घोडे येतात, रायडिंग बॉय वर, ट्रेनर कठड्याला, हातात घड्याळ. सहाशे मीटर चाळीस सेकंदांत गेले की अडतीस, हे घड्याळ तुम्हाला काही सांगणार नाही, त्यामुळे तिकडे बघू नका. घोडा थांबवून परत येतो तेव्हा ट्रेनर कुणाशी बोलतो ते बघा. वरच्या पोराला विचारतो का, ‘उजवीकडे ओढत होती का? श्वास कसा होता?’ पोरगा मोकळेपणानं सांगतो का, की ‘बढिया साहेब’ म्हणून मोकळा होतो?

दुसऱ्यांदा जा संध्याकाळी, ट्रेनर पागेची फेरी घेतात तेव्हा. खरी परीक्षा इथे. मी माझ्या नोकरीत बऱ्याच पागा बघितल्या, आणि एका ट्रेनरची फेरी अजून डोळ्यांपुढे आहे. प्रत्येक बॉक्समध्ये सईस घोड्याला धरून उभा, अंगावरची झूल काढलेली, खरारा होऊन कातडी काचेसारखी. ट्रेनर आत गेला की घोड्याकडे बघायच्या आधी गव्हाणीत बघायचा. ओट्स उरलेत का? मूठभर जरी उरले तरी सईसाला विचारणार, दुपारचे की आत्ताचे? मग खाली बसून पुढच्या पायाच्या मागच्या बाजूनं, गुडघ्यापासून खाली, अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत ती टेंडनची दोरी धरून हात सावकाश उतरवायचा. मग दुसरा पाय. मग पुन्हा पहिला. एक पाय दुसऱ्यापेक्षा जराही कोमट लागला तर तिथेच हात थांबायचा. वीस घोडे, चाळीस पाय, रोज. त्यांच्या नावावर डर्बी नव्हती. पण त्यांचे घोडे सात वर्षांचे होऊनही पळत होते.

तुमच्या चौदा घोडेवाल्यांची फेरी अशी दिसली तर पुढे विचारायला एकच प्रश्न उरतो. शेवटचा घोडा कधी मागे घेतलात, आणि मालकाला काय सांगितलंत? ‘आमच्याकडे अशी वेळ येत नाही’ म्हणाले तर उठून या.

आता माझी भागीदारी. 1990 नंतरची गोष्ट, मिरजेचे चौघं आणि मी, पाच जणांत एक गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा). ट्रेनर मनानं चांगला माणूस, नाव सांगत नाही. एका गुरुवारी त्यांचा फोन आला, पुढचा डावा पाय किंचित गरम लागतोय, रविवारी काढून घेऊ. मला पटलं. मी पशुवैद्यक, मला नाही पटणार तर कुणाला? पण आमच्यातल्या एकानं पाहुण्यांसाठी मॅटाडोर ठरवली होती, बावीस माणसं पुण्याला निघाली होती. त्यानं ट्रेनरला फोन केला. मग दुसऱ्यानं केला, तिसऱ्यानं केला. शनिवारी सकाळी चौथा फोन माझा होता. मी ‘पळवा’ म्हटलं नाही, पण ‘बघा, जमत असेल तर’ म्हटलं, आणि ते तेच झालं. घोडा पळाला, चौथा आला, मैदानातून परत येताना तीन पायांवर होता. टेंडन गेलं. टेंडन भरून यायला नऊ महिने, वर्ष लागतं, आणि भरलं तरी पहिल्यासारखी लवचीक दोरी होत नाही. आमचा पुन्हा पळालाच नाही. पुढची दोन वर्षं आम्ही ट्रेनरच्या नावानं बोटं मोडली. त्यांनी ऐकायला नको होतं हे खरंच. पण चार फोन कुणी केले?

तेव्हा तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत खटकलं ते ग्रुपवरचं मतदान. ट्रेनर निवडायला मतदान एकदा ठीक. पण पुढेही हेच चालणार असेल तर कोणताही ट्रेनर घ्या, फरक पडणार नाही. रेससाठी आधी एंट्री जाते, मग हँडिकॅपर वजनं लावतो, ती बघून नाव ठेवायचं की काढायचं ते ठरतं, मग अंतिम नोंद. प्रत्येक टप्प्याला वेळ ठरलेली. कोइमतूरहून निळी टिक यायची वाट बघत बसलात तर रेस होऊन जाईल.

सहा जणांनी आधी कागदावर घ्यावं: ट्रेनरशी बोलणार एकच माणूस, म्हणजे तुम्ही. बाकी पाचांकडे त्यांचा नंबरच नको. घोडी पळवायची की नाही, कुठल्या अंतराला, कुठला जॉकी, यात अखेरचा शब्द ट्रेनरचा. मालकांचा शब्द दोनच ठिकाणी: एका ठरावीक रकमेच्या वरचा औषधोपचार, आणि ट्रेनर बदलणं. तेही हंगाम संपल्यावर, रेस हरल्याच्या रात्री नव्हे. सिंडिकेटची नोंदणी रेस चालवणाऱ्या क्लबकडे करावी लागते, भागीदारांची नावं मंजूर व्हावी लागतात, त्याचे नियम क्लबच्या कचेरीतूनच घ्या, मेव्हण्यांकडून नको.

पैशाचं उरकतो. महिन्याचा खर्च दुसऱ्या ट्रेनरकडून लेखी घ्या, त्यात ट्रेनिंग फी, नाल, डॉक्टर, वाहतूक, एंट्री, जॉकीची फी वेगवेगळी मागा. जिंकल्यावर बक्षिसातून ट्रेनर आणि जॉकीचा वाटा जातो, तो किती हेही विचारा. मग महिन्याच्या आकड्याला अठरानं गुणा. एवढे पैसे घोडीच्या किमतीशिवाय बाजूला असतील तरच पुढे जा, कारण दोन वर्षांची घोडी कधी पळेल ते तीच ठरवते. बेदाणावाल्या दोघांना खास सांगा: रेसच्या घोड्यातला तोटा बेदाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही. आयकरात तो फक्त रेसच्या घोड्यांच्याच उत्पन्नातून वळता होतो, आणि पुढे ओढता येतो चार वर्षं. ‘सीए बघेल’ असं कुणी म्हणत असेल तर सीएला आत्ताच बघू द्या.

आणखी एक कागद, जो कुणीच करत नाही. पळणं संपल्यावर घोडी कुठे जाणार? रक्त चांगलं असेल तर पैदाशीला घेतील. नसेल तर रायडिंग स्कूल, किंवा तुमच्यापैकी कुणाची तरी जागा आणि रोजचा हिरवा चारा. ती वीसेक वर्षं जगेल. शर्यतीतून उतरलेल्या बैलाचं आपण काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे, मला लिहायला लावू नका.

तर माझं मत चौदावाल्यांना, पण संध्याकाळची फेरी बघितल्याशिवाय नाही. सहाही जण जा. गलाईवाल्यांना कोइमतूरहून बोलवा, त्यांचे पैसे आहेत. मेव्हण्यांना पुढच्या सीटवर बसवा. आणि तासगावकर रिकाम्या हातानं जाणार नाहीत हे मला माहीत आहे, बेदाण्याची पिशवी न्यालच. ती ट्रेनरच्या हातात द्या, कुठल्या घोड्याच्या तोंडापुढे धरू नका. जिंकलेल्या घोड्याचे नमुने तपासतात, आणि साध्या चॉकलेटमधलं, चहातलं द्रव्यसुद्धा त्यात सापडलं तर ट्रेनरला जाब द्यावा लागतो. पिशवी घेऊन त्यांनी आभार मानले, कपाटात ठेवली आणि घोड्यांना एकही दाणा दिला नाही, तर आणखी एक मार्क त्यांना माझ्याकडून.